तोंड उघडा!

२० मार्च १९२७. बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. ही तारीख आपल्यात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आता दुसरी गोष्ट ऐका. जगभरच्या दंतवैद्यांच्या महासंघानं दरवर्षीचा २० मार्च हाच दिवस ‘जागतिक मुख आरोग्य दिन’ म्हणून ठरवून टाकलाय. महाडचं नाव त्यांच्या कानावरही गेलं नसेल. निव्वळ योगायोग. पण आमच्यासारख्याला हा योगायोग दाढेत अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखा सलतो. कारण महाडचा झगडाही तोंडाचाच होता. कुणाच्या तोंडाला पाणी लागायचं आणि कुणाच्या नाही, कुणाचं तोंड पवित्र आणि कुणाचं विटाळाचं, ह्याचा निकाल तिथं लागायचा होता.

त्या दिवशी नौपाड्यात, फडके रोडला दवाखान्यांच्या दारावर पांढऱ्याफेक दातांची हसरी चित्रं लागतात. आणि त्याच दिवशी कोळसेवाडीतनं, वालधुनीतनं, पाथर्लीतनं, किसननगरातनं आमची माणसं महाडची गाडी पकडतात. मित्रांनो, गाडीत बसलात की एकदा नीट बघा. ‘जयभीम’चा आवाज उठतो तेव्हा जी तोंडं उघडतात, त्या तोंडांच्या आत बघा. चाळिशीच्या बाप्याला दाढा नाहीत. पन्नाशीच्या मावशीच्या हिरड्या मशेरीनं काळ्या पडल्यात. पंचविशीच्या पोराचं तोंड पुरतं उघडतच नाही.

ह्या अंकात आम्ही ह्या तोंडांबद्दल बोलणार आहोत.

दातावर संपादकीय लिहितोय म्हटल्यावर आपल्यातलाच एक जण खो-खो हसला. म्हणाला, ‘‘गावोगाव आपल्या माणसांची डोकी फुटतायत, जागा गिळल्या जातायत, कंत्राटानं नोकऱ्या खाल्ल्या, आणि तू दात काय कोरत बसलायस?’’ हसताना त्यानं तोंडावर हात धरला होता. पुढचे दोन दात गेलेत त्याचे. हात का धरलास म्हणून विचारलं तर गप्प झाला. दोस्ता, ज्या हाताची तू घोषणेला मूठ वळतोस तोच हात हसताना तोंडावर ठेवतोस. ही शरम तुला कुणी दिली? तू तर काही चोरलं नाहीस. मग तोंड तू का लपवायचं? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हे राजकारण नाही तर काय आहे?

माझीच गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याच्या दातावर लिहायला मी काही डॉक्टर नाही. दहावी झालेला, गोदीतला कंत्राटी कामगार. खालची दाढ होती. आधी गार पाणी लागायचं, मग गरम चहा, मग रात्रपाळीत धक्क्यावर उभं असताना कानापर्यंत कळ. लवंग दाबली. मेडिकलवाल्याकडनं दोन-दोन गोळ्या घेतल्या. कळ थांबली की दाढ विसरायची, कळ उठली की पगाराची तारीख मोजायची. असे आठ महिने काढले. शेवटी एका खाजगी दवाखान्यात गेलो. त्यांनी फोटो काढला आणि म्हणाले, दाढ वाचते. रूट कॅनॉल करायचं, वर कॅप बसवायची. आठ हजार. तीन-चार वेळा यावं लागेल. काढून टाकायची असेल तर पाचशे, आत्ताच्या आत्ता.

हिशेबाला कागद लागला नाही. आठ हजार म्हणजे अर्ध्याहून जास्त महिना. तीन-चार वेळा म्हणजे तीन-चार खाडे. आणि कंत्राटात लागोपाठ खाडे पडले की मुकादम आपल्या जागी दुसरा उभा करतो. खुर्चीत बसलो, तोंड उघडलं. थोड्या वेळानं, वाचू शकणारी दाढ बादलीत पडल्याचा आवाज ऐकला. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, बँकेत नोकरीला. त्यांचीही खालचीच दाढ. त्यांची वाचणार होती. त्यांच्या आणि माझ्या दाढेत कीड एकच होती. फरक खिशात होता.

त्या डॉक्टरला मी शिवी देणार नाही. जागेचं भाडं असेल, खुर्चीचं कर्ज असेल. पण दात हा दुकानातला माल झाला की गरिबाचा दात उपटला जातो आणि पैसेवाल्याचा दात वाचवला जातो. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, आणि तरी तो मोडत नाही.

दातांच्या शास्त्रात तोंड मोजायची एक साधी रीत आहे. चार अक्षरं आहेत, डी. एम. एफ. टी. किडलेले किती, गेलेले किती, भरलेले किती, ह्या दातांची बेरीज करायची. दोन माणसांची बेरीज सारखीही येऊ शकते. खरी मेख बेरजेत नाही, फोडीत आहे. पैसेवाल्याच्या तोंडात भरलेल्या दातांचा आकडा मोठा असतो. गरिबाच्या तोंडात किडलेल्यांचा आणि गेलेल्यांचा. देशोदेशी तोंडं तपासली तर पुन्हा पुन्हा हेच निघतं. आपल्याकडे २००२-०३ साली राष्ट्रीय पाहणी झाली. तीत ३५ ते ४४ वयाच्या दर दहा माणसांत सुमारे आठांचे दात किडलेले आणि नऊच्या आसपास माणसांच्या हिरड्या बिघडलेल्या निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली हिशेब मांडला. जगात साडेतीनशे कोटी माणसांना तोंडाचे आजार, आणि त्यातले चारातले तीन आपल्यासारख्या मध्यम कमाईच्या देशांत.

अभ्यासक आणखी एक गोष्ट सांगतात, ती आपल्या माणसाला लगेच कळावी. हा मामला नुसता वर एक श्रीमंत आणि खाली एक गरीब असा नाही. ही उतरंड आहे. साहेबापेक्षा कारकुनाचे दात वाईट, कारकुनापेक्षा शिपायाचे, शिपायापेक्षा सफाईवाल्याचे. प्रत्येक पायरीवर खाली उतराल तसं तोंड जास्त पोखरलेलं. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं होतं, चढत्या क्रमानं मान आणि उतरत्या क्रमानं हेटाळणी. तीच शिडी आता माणसाच्या जबड्यात उभी केलेली सापडते. पगार, शिक्षण, वस्ती आणि जात हे चारही ह्या देशात एकाच दोरीला बांधलेले आहेत, तेव्हा कुणी ह्यात जात कुठून आली म्हणून विचारू नये.

ह्यावर शहाणी माणसं म्हणतात, तुम्ही दात घासत नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ‘स्वच्छ मुख अभियान’ काढलं आणि सचिन तेंडुलकरला त्याचा दूत नेमलं. सचिनविषयी आमची तक्रार नाही. दोन वेळा दात घासावेत हे खरंच आहे, फ्लोराइडच्या पेस्टनं कीड कमी लागते हेही खरं आहे. पण घासण्याचा उपदेश करणाऱ्यानं एकदा आमच्या वस्तीत रात्र काढावी. अकरा वाजता माणूस गाडीतनं उतरतो. पाण्याचा ड्रम तळाला लागलेला असतो, तळातलं पाणी पहाटे संडासाला न्यायचंय. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपलेत, मोरीत भांडी पडलीत. अशा वेळी रात्रीचा दुसरा ब्रश म्हणजे चैन वाटते. पहाटे पुन्हा नळाची लाईन, संडासाची लाईन, मग गाडी. घरात एक पेस्ट, ती महिनाअखेरीला लाटण्यानं पिळलेली. ब्रशचे केस झडून झाडूसारखे झाले तरी ब्रश बदलत नाही. आणि ज्या घरात पेस्ट परवडत नाही तिथं लाल दंतमंजन नाहीतर मशेरी.

आता कीड लागते कशी ते बघा. साखर तोंडात गेली की दातावरचे जंतू ती खातात आणि तिचं आम्ल करतात. त्या आम्लात दाताचं कवच विरघळतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, झीज थोडी भरूनही काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुन्हा गोड गेलं तर पुन्हा आम्ल. म्हणजे साखर किती खाल्ली ह्याच्याइतकंच दिवसात किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. आता आमचा दिवस मोजा. पहाटे चहा, गाडी पकडण्याआधी चहा, धक्क्यावर चहा, दुपारी जेवणाऐवजी चहा आणि ग्लुकोजचं बिस्किट, चार वाजता कटिंग, पाळी सुटली की कटिंग. कामगार चहा चवीनं पितो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं हा गैरसमज काढून टाकावा. साखरेचा चहा हे ह्या शहरातलं सगळ्यात स्वस्त जेवण आहे. भूक मारायला पितो. त्यात उन्हात, सिमेंटच्या-खताच्या धुळीत घाम गाळून तोंड सुकलेलं, लाळच नाही. कीड मग दुसरीकडे कशाला जाईल?

तंबाखूचंही तेच. मी गोदीतलं सांगतो. मालावर, जहाजावर विडी पेटवायला मनाई, आणि ती मनाई बरोबरच आहे. १४ एप्रिल १९४४ ला, बाबासाहेबांच्या वाढदिवशीच, व्हिक्टोरिया डॉकात ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज कापसाच्या गाठी आणि दारूगोळ्यासकट फुटलं. शेकडो माणसं मेली, अर्धं मांडवी-मस्जिद हादरलं. गोदी ते विसरलेली नाही. पण बारा तास गोणी ओढणाऱ्याला झोप मारायला, भूक मारायला काहीतरी लागतं. विडी नाही तर तंबाखू, चुना, गालात गोळी. गिरण्यांतही हेच होतं. बाईमाणसानं विडी ओढायची नाही असा समाजाचा कायदा, म्हणून बाईला मशेरी, तीही ‘दात घासायला’ ह्या नावाखाली. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ खाण्याची-लावण्याची तंबाखू वापरत होते, आणि विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे ह्या राज्याचा तंबाखू फुप्फुसात कमी आणि तोंडात जास्त आहे. शिक्षण आणि कमाई जितकी कमी तितका तो जास्त, हेही अशा पाहण्यांत निघतंच.

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी कुठल्याही स्टेशनाबाहेर जा, बंदी कुठे आहे ते दाखवा. पकडला जातो तो टपरीवाला, आपल्याच वस्तीतला लंगडा-पांगळा पोटार्थी. ज्याच्या कारखान्यातनं पुड्यांच्या गाड्या निघतात तो सापडत नाही. तंबाखू बाजूला ठेवा, नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलंय. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, चामड्यासारखी. तिखट सोसेनासं होतं, मग तोंड उघडेनासं होतं, मग कुणाकुणाला त्यातनंच कर्करोग. २०२२ सालच्या जागतिक अंदाजात भारतात ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण १ लाख ४० हजारांच्या वर आणि मृत्यू ८० हजारांच्या आसपास आहेत. आपल्या देशातल्या पुरुषांचा हा पहिल्या नंबरचा कर्करोग. बहुतेक जण पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो. १९४१ पासून परळला टाटा हॉस्पिटल उभं आहे, त्याच्या समोरच्या फुटपाथवर गाल बांधून बसलेली माणसं कुठल्या वर्गाची आहेत ते तुम्ही स्वतः जाऊन बघा. आम्हाला सांगायला लावू नका.

कारखान्यांचं वेगळंच. तेजाबाच्या वाफेत वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्या कामगाराचे, बॅटरीच्या आणि मुलामा देण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचे पुढचे दात झिजून जातात, हे वैद्यकात जुनंच नोंदलेलं आहे. डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त स्फोट झाला, मे २०१६ ला झाला, मे २०२४ ला झाला, की कॅमेरे येतात, मंत्री येतात. रोज थोडा थोडा झिजणारा दात बघायला कुणी येत नाही.

आणि आमच्या तोंडाची ही दुर्दशा आजची नाही. मनूनं शूद्राच्या तोंडासाठी काय काय शिक्षा लिहून ठेवल्यात त्या आठवा. वरच्याला टोचून बोललास तर जीभ छाटा, ब्राह्मणाला धर्म शिकवायला गेलास तर तोंडात उकळतं तेल ओता, थुंकलास तर ओठ कापा. म्हणून तर २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच ते पुस्तक जाळलं. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, हे बाबासाहेबांनी लाहोरच्या त्या न झालेल्या भाषणात १९३६ साली लिहून ठेवलंय. ह्या समाजानं आमच्या तोंडाकडे नेहमी घाणीची जागा म्हणूनच बघितलं. उष्टं खाणारं तोंड, अशुद्ध बोलणारं तोंड. त्या तोंडात काय दुखतं हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. आजही मॉलमध्ये, कॉल सेंटरात ‘हसतमुख उमेदवार पाहिजे’ अशी पाटी लागते तेव्हा पडक्या दाताच्या पोरीला आत बोलावत नाहीत, आणि का बोलावलं नाही तेही सांगत नाहीत. जात विचारली नाही, फक्त दात बघितले. काम झालं.

२०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. भाषा वाचली पाहिजे असं संमेलनांत नेहमीच बोलतात. वाचवा. पण ज्याच्या तोंडात दात नाहीत तो ‘त’ आणि ‘थ’ कुठे टेकवून बोलणार, हा प्रश्न मराठी भाषेचा आहे की नाही?

आता सरकारची दानत बघा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली दुसऱ्या नावानं सुरू झाली, २०१७ ला तिला जोतीरावांचं नाव दिलं, २०२३ ला सगळ्या रेशनकार्डवाल्यांना पाच लाखांपर्यंत लागू करायचं ठरलं. चांगली गोष्ट आहे, कर्करोगाचं ऑपरेशन तीत होतं, त्यानं माणसं वाचलीत. पण दात भरायला, साफ करायला, रूट कॅनॉलला, म्हाताऱ्याच्या कवळीला ती नाही. म्हणजे दात सडेपर्यंत थांबा, गालात गाठ होईपर्यंत थांबा, मग जबडा कापायला योजना आहे. शेकड्यांत भागलं असतं तिथं लाखांवर नेऊन ठेवायचं. ह्याला नियोजन म्हणतात! जोतीरावांचं नाव लावलंय तर जोतीरावांची अक्कलही लावा.

ठाणे शहर २०११ च्या जनगणनेला १८ लाखांवर होतं, कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर ही पालिकांची मोठी रुग्णालयं. पण स्वस्तात पुरता इलाज पाहिजे, दात वाचवून पाहिजे, तर आपला माणूस सरकारी दंत महाविद्यालय गाठतो. ते सी.एस.एम.टी.ला, सेंट जॉर्जच्या आवारात. नाहीतर मुंबई सेंट्रलला, नायरला. कल्याणहून सी.एस.एम.टी. ५३-५४ किलोमीटर. सकाळच्या लाईनीत उभं राहायचं म्हणजे अंधारात घर सोडायचं आणि दिवसाची हजेरी घालवायची. गंमत बघा, ते महाविद्यालय ज्या रस्त्यावर आहे त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचं नाव आहे. मी रोज त्या रस्त्यानं कामाला जातो. ज्या वेळी त्यांची खिडकी उघडी असते त्या वेळी मी धक्क्यावर असतो, आणि मी सुटतो तेव्हा खिडकी बंद झालेली असते. भिंतीपलीकडे इलाज आणि अलीकडे दुखणं. मध्ये फक्त पाळीची वेळ.

डॉक्टर कमी आहेत असं म्हणू नका. देशात नोंदलेले दंतवैद्य अडीच लाखांच्या वर आहेत, दंत महाविद्यालयं तीनशेच्या वर. त्यातली बहुतेक खाजगी. लाखो रुपये भरून शिकलेलं पोर वस्तीत का येईल? ते जिथं पैसा आहे तिथंच खुर्ची टाकणार. वेल्समध्ये कोळसा खाणीच्या गावात काम करणारा ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा एक डॉक्टर होता. त्यानं १९७१ साली हे लिहून ठेवलं. चांगल्या इलाजाची गरज जिथं सगळ्यात जास्त, तिथंच तो सगळ्यात कमी मिळतो, आणि बाजाराच्या हातात दिला की ही तऱ्हा आणखी वाढते. त्याच वेल्समधला अॅन्युरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला पोरगा. पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला ब्रिटनमध्ये फुकट इलाजाची योजना सुरू केली, दात-कवळीसकट. आयुष्यभर दातदुखी गिळून बसलेली गोरगरीब माणसं दवाखान्यांवर तुटून पडली. १९५१ साली त्याच्याच मजूर पक्षाच्या सरकारनं कवळी आणि चष्म्यावर पैसे लावले, तेव्हा बेव्हननं मंत्रिपद फेकून दिलं. दातासाठी राजीनामा! आपल्याकडे दातासाठी एखादा नगरसेवक सभात्याग करून चहा प्यायला तरी गेलाय का?

आणि आपल्याकडे हा विचार नव्हता असं नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हाच कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखली गेली, आणि १९४८ ला राज्य कामगार विम्याचा कायदा आला. कायदा आहे. पण कंत्राटदार पोराचं नाव हजेरीपटावर चढू देत नाही, मग विम्याचं कार्ड कुठलं?

आता स्वतःकडे बघू. संपादकीय लिहून झाल्यावर नाक्यावर जाऊन पुडी फोडली तर वरचं सगळं थुंकीत गेलं. निळ्या झेंड्याखाली उभं राहून लालभडक पिचकारी मारणारी पोरं आम्ही बघतो. त्यात आम्हीही होतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पाण्याच्या पाउचांबरोबर गुटख्याच्या पुड्याही वाटल्या जातात, आणि त्याचा खर्च कुठला ‘दादा’ करतो तेही सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या तोंडानं आपण पँथरची डरकाळी देणार ते तोंड तीन रुपयांत विकत घेतलं जातंय. कामाचा ताण खरा, भूक खरी, तरी पुडीवाल्याची गुलामी ही गुलामीच. ती सुटायला मदत लागते, शिव्या नाही. म्हणून ज्याला सोडायचीय त्याच्या पाठीशी टोळीनं उभं राहिलं पाहिजे.

तोवर एक काम आजच करा. आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा आणि आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक अशी उभी, वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. जात नाहीत? दोनच जातात? मग तोंड बंद व्हायला लागलंय, सुपारी त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा. गालात, जिभेखाली, ओठाच्या आत पांढरा किंवा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, विनाकारण हलणारा दात दिसला तर ‘उष्णता असेल’ म्हणून बसू नका. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होतो, उशिरा सापडलेला चेहरा घेऊन जातो. घासताना हिरडीतनं रक्त येत असेल तर घासणं सोडू नका, ते हिरडी सुजल्याचं लक्षण आहे. दातांवर कीटण साचलं असेल तर ते काढून घ्या. ज्याला साखरेचा आजार आहे त्यानं तर हिरड्या सांभाळायलाच पाहिजेत. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या मधुमेह आटोक्यात येऊ देत नाहीत. आणि दाढेच्या कळीबरोबर गळा सुजला, गिळता येईना, ताप चढला तर गोळ्या खात रात्र काढू नका. ती सूज श्वास बंद करू शकते. दाढेनं माणूस मरतो, ही थट्टा नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या दोन्ही महापालिकांपुढे आमच्या मागण्या आहेत. त्या कुणाच्या दारात भीक म्हणून ठेवलेल्या नाहीत.

१. वस्तीतल्या प्रत्येक पालिका दवाखान्यात दातांची खुर्ची आणि पगारी दंतवैद्य पाहिजे. नुसती दाढ उपटायला नाही, भरायला आणि वाचवायला.

२. ही खुर्ची रात्री सात ते दहा आणि रविवारी चालू पाहिजे. कामगार ज्या वेळी मोकळा, त्या वेळी दवाखाना उघडा.

३. फुले योजनेत दात भरणं, रूट कॅनॉल, हिरड्यांचा इलाज आणि कवळी घालावी. ही मागणी आम्ही राज्य सरकारकडेही करू.

४. वागळे इस्टेट, डोंबिवली एम.आय.डी.सी., नाके आणि स्टेशनं इथं वर्षातून दोनदा तोंडाची तपासणी व्हावी. कंत्राटी माणसाचा त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये.

५. गुटख्याची बंदी कारखान्यावर आणि गोदामावर चालवा. टपरीवाल्याला दुसरा धंदा द्या.

६. पाणी. सगळ्यांत आधी पाणी. महाड होऊन शंभर वर्षं होत आली. रात्री दात घासायला तांब्याभर पाणी घरात असणं हा हक्क आहे.

श्रीलंकेत कँडीला बुद्धाचा दात आहे. सोन्याच्या करंडकात ठेवलाय, त्याच्यावर मोठं विहार बांधलंय, जगभरची माणसं फुलं घेऊन येतात. बुद्धानं स्वतः भिक्खूंना दातवणाची परवानगी दिली होती आणि त्याचे पाच फायदे सांगितले होते, हे विनयपिटकात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धम्मानं आपल्या भिक्खूच्या दातांची काळजी केली, त्या धम्मात आपण १९५६ ला आलो. त्या बुद्धाच्या लेकरांचे दात मात्र पाचशे रुपयांत बादलीत पडतायत. आम्हाला आमच्या दातासाठी सोन्याचा करंडक नको. तो आमच्याच तोंडात राहू दे, एवढंच मागणं आहे.

हजारो वर्षं आमच्या माणसाला दाती तृण धरायला लावलं. आता दात-ओठ खाऊन बोलायची वेळ आली, तर खायला दात शिल्लक पाहिजेत. डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडा. पालिकेच्या सभागृहात तोंड उघडा. आणि मित्रा, तोंडावरचा तो हात काढ. पडक्या दातांनी हस, आम्ही तुझ्याबरोबर हसू. शरमायचं असेल तर ज्यांनी ते पाडले त्यांनी शरमावं.

जयभीम.

— संपादक